दोघांसाठी एकच विमा

१४ जून, बुधवार

शाळेच्या भोजनगृहात एकतीस वर्षं मी रोज संध्याकाळी वहीत लिहीत आले. काय शिजलं, किती पानं वाढली, किती उरलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हात थांबत नाही. आता पान एकच वाढायचं असतं, म्हणून उरलेल्या जागेत बाकीचं लिहिते.

आज: शेपूचा पांढरा सॉस, उकडलेली अंडी, बटाटे. उरलं: एक वाटी सॉस. ती ओताकारराव घेऊन गेले.

ओताकारराव म्हणजे गावाबाहेरच्या बागांच्या वसाहतीतले माझे शेजारी; तिथे माझ्या आणि त्यांच्या वाफ्यांत एकच कुंपण. आमच्या बोहुमिनच्या स्टेशनात त्यांनी चाळीस वर्षं गाड्या सोडल्या आणि अडवल्या. वय एकाहत्तर. बायको फार वर्षांपूर्वी एका बस ड्रायव्हरबरोबर निघून गेली. गेली त्याचं तितकंसं नाही, पण बसवाल्याबरोबर गेली हे रेल्वेच्या माणसाला अजून लागतं, असं त्यांच्या मुलानेच मला एकदा सांगितलं.

आज त्यांनी कुंपणावरून विचारलं की सप्टेंबरात आठ दिवस ऑस्ट्रियाला येणार का. आल्प्समध्ये गोसाउचं तळं आहे, काठाने सपाट वाट आहे, व्हिएन्नाला गाडी बदलायची. मी विचारलं, आणखी कोण कोण आहे? ते म्हणाले, सध्या तरी आपण दोघंच. म्हणजे यादी अजून व्हायची आहे. मी हो म्हटलं आणि खोल्या दोन लागतील हेही लगेच सांगून टाकलं. ते म्हणाले, अर्थातच, आणि नवलकोलांना पाणी घालायला वळले. नवलकोल सकाळच्या पावसात न्हाऊन निघालेले होते.

१९ जून, सोमवार

सहलीच्या यादीत अजून कोणी नाही. पण विम्याचं काम ओताकाररावांनी सुरू केलं आहे. संध्याकाळी पाच वाजता ते एक फाइल घेऊन माझ्या घरी आले. तिच्यात अकरा कंपन्यांची पत्रकं, प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी.

मी म्हटलं, आपल्या आरोग्य विम्याच्या कार्डाच्या पाठीवर ते निळं युरोपियन कार्ड आहेच की. ते दाखवलं की ऑस्ट्रियातला सरकारी डॉक्टर तिथल्या माणसाला बघतो तसं आपल्यालाही बघतो. ते म्हणाले, बरोबर, व्लास्ताबाई, पण डोंगरावरून खाली कोण आणणार? हेलिकॉप्टरला ते कार्ड चालत नाही. आणि पाय मोडून पडलात तर ऑस्ट्रिया तुम्हाला बरं करेल, पण घरी पोचवणार नाही.

मी म्हटलं, वाट सपाट आहे असं तुम्हीच म्हणालात. ते म्हणाले, रूळही सपाटच असतात.

साडेसात वाजेपर्यंत तीन कंपन्या वाचून झाल्या. एका संध्याकाळी तीन, म्हणजे अकराला चार संध्याकाळी लागतील. मी सुचवलं की फाइल ठेवून जा, मी एकटी दुपारभरात संपवते. त्यांना ते पटलं नाही. म्हणे बारीक अक्षर एकट्याने वाचलं की चूक होते. त्यांच्या घरचा दिवा मंद असावा.

जेवण: खसखस घातलेल्या शेवया. उरलं: काही नाही, ते जेवूनच गेले.

२३ जून, शुक्रवार

आज 'आधीपासून असलेले आजार' हे कलम आलं. नऊ कंपन्या म्हणतात, जुना आजार बळावला तर आम्ही देणार नाही. मी म्हटलं, तुमची औषधं दाखवा. ते लाजले. पण मी शीतगृह तपासायचे तशी त्यांची औषधांची डबी तपासली. रक्तदाबाची गोळी सकाळी, हृदयाचे ठोके ठीक ठेवणारी दुसरी संध्याकाळी. ही दुसरी मला माहीतच नव्हती. किती दिवस घेताय, विचारलं. चार वर्षं म्हणाले. चार वर्षं कुंपणापलीकडे हा माणूस मातीची पोती उचलतो आहे आणि मला पत्ता नाही.

नंतर औषधांच्या दुकानात जाऊन त्या गोळीची चौकशी केली. दुकानातल्या मुलीने विचारलं, तुमचे मिस्टर घेतात का? मी म्हटलं, नाही, विम्यासाठी विचारतेय. ती म्हणाली, नियमित घेतली तर काळजीचं कारण नाही. तरी घरी येईपर्यंत माझे हात गार होते. दुकानात वातानुकूलन फार जोरात लावतात.

उद्यापासून पोती मी सांगेन तिथे आणि हातगाडीवरच न्यायची, हे त्यांना सांगितलं आहे.

२७ जून, मंगळवार

अकरातून दोन उरल्या. एकीचं पत्रक हिरवं, एकीचं लाल. हिरवीत हेलिकॉप्टरची रक्कम मोठी आहे. लालमध्ये एक खास सोय आहे: दोघांसाठी एकच पॉलिसी. एक दवाखान्यात अडकला तर दुसऱ्याच्या राहण्याचा खर्च कंपनी देते, आणि दोघांना बरोबर घरी आणते.

ओताकारराव लालच्या बाजूने आहेत. मी हिशेब केला, दोघांसाठी घेतली तर नव्वद क्राऊन वाचतात. नव्वद क्राऊनमध्ये कॉफी आणि एक केक येतो. एवढ्यासाठी एवढा आग्रह? माणूस काटकसरी असावा, पण.

त्यांनी फॉर्म भरायला घेतला. माझी जन्मतारीख न विचारताच लिहिली. 'आपत्कालीन प्रसंगी कोणाला कळवावं' या रकान्यात स्वतःसाठी माझं नाव घातलं. मी म्हटलं, पिल्सेनला मुलगा आहे ना तुमचा? ते म्हणाले, त्याचा फोन नेहमी बंद असतो. मग पत्त्याचा रकाना आला. मी म्हटलं, ही सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी असेल, आपले पत्ते वेगळे आहेत. ते बराच वेळ पेनाचं टोपण घालत-काढत बसले. मग म्हणाले, "पत्ता काय, बदलता येतो."

मी त्यांना सांगितलं की पोस्टात पत्ता बदलायला तीन आठवडे लागतात, एका सहलीसाठी कोण एवढा खटाटोप करेल. ते म्हणाले, हो, तेही खरंच.

ब्रनोहून राडकाचा फोन आला होता. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे तू विम्याबद्दलच सांगतेयस ना?" मी म्हटलं, मग कशाबद्दल? ती म्हणाली, काही नाही, लाल घे.

४ जुलै, मंगळवार

भांडण झालं. लिहिताना अजून राग येतो आहे.

बागेत पलीकडच्या वाफ्यावरच्या कुबिचकोवाबाई मला म्हणाल्या, ऐकलं की तुम्ही आणि ओताकारराव जोडप्याच्या पॉलिसीवर चाललात. 'जोडप्याच्या' हा शब्द त्यांनी असा चघळला की जणू आलुबुखारच. मी तशीच कुंपणाकडे गेले. ओताकाररावांना म्हटलं, माझ्या मिलोशला जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून मी एकटी उभी आहे आणि कोणाच्या गाडीला जोडलेला मागचा डबा व्हायची मला इच्छा नाही. नव्वद क्राऊनसाठी तर मुळीच नाही. माझं नाव खोडा. मी हिरवी घेते, स्वतःची.

ते टोमॅटो बांधत होते. हातातली सुतळी तशीच राहिली. "बरं," म्हणाले. एवढंच. माणसाने निदान दोन शब्द भांडावं तरी.

दुपारी जाऊन हिरवी पॉलिसी घेतली. हेलिकॉप्टरची रक्कम एवढी की त्यात ते विकतही घेता यावं.

जेवण: काहीतरी. उरलं: बरंच.

२० जुलै, गुरुवार

ओताकारराव सोळा दिवस संध्याकाळी आलेले नाहीत. बागेत दिसतात. नमस्कार करतात, टोपी काढून. आधी टोपी काढत नसत.

मी दोनदा चार माणसांचा स्वयंपाक केला. मोठ्या पातेल्यांची सवय मोडत नाही.

पोती मात्र हातगाडीवरच नेतात, हे पाहिलं.

६ ऑगस्ट, रविवार

शेवटी मीच गेले. आलुबुखाराच्या पोळ्या केल्या होत्या, चाळीसेक. एकटीने काय करणार? त्यांना कुंपणावरून डबा दिला आणि विचारलं की तिकिटं काढली होती त्याचं काय. म्हणाले, काढलेली आहेत, दोन, खिडकीकडची. मी म्हटलं, मग जायला हवं, सवलतीची तिकिटं वाया घालवू नयेत.

ते इतके पटकन हसले की डब्याचं झाकण पडलं. मग मी विचारलं, माझं नाव खोडलं ना? ते झाकण उचलायला वाकले आणि वाकूनच म्हणाले की त्या कामासाठी ऑफिसात जाऊन आलो.

२ सप्टेंबर, शनिवार, गोसाउ

पोचलो. प्रवासात मी पावाच्या चुऱ्यात तळलेले कटलेट काढले, त्यांनीही तेच काढले. माझे बरे होते, पण तसं बोलले नाही. यादीत शेवटपर्यंत कोणी आलं नाही. हल्ली लोकांना आल्प्सचं काही राहिलेलं नाही.

राहतो ते छोटं हॉटेल रोझविटाबाईंचं आहे. साठीच्या, गुबगुबीत, माझ्याहून मोठ्या आवाजाच्या. त्यांना आमची चेक भाषा येत नाही, मला जर्मन येत नाही. ओताकाररावांना रेल्वेची जर्मन येते, म्हणजे 'उशीर', 'फलाट' आणि 'सावधान'. एवढ्यात बरंच भागतं.

खोल्या दोन आहेत, समोरासमोर. त्यांनी दोन्ही खोल्यांच्या गाद्या दाबून पाहिल्या आणि मऊ होती ती मला दिली.

रात्रीचं जेवण: रोझविटाबाईंचे क्नेडलिक, म्हणजे उकडलेले गोळे. ताटात येताच फुटले. मी काही बोलले नाही. पहिलाच दिवस.

६ सप्टेंबर, बुधवार, इस्पितळ

पाय मोडला. डावा घोटा, दोन ठिकाणी. उद्या शस्त्रक्रिया करून आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवणार आहेत. झालं कसं ते नीट लिहून ठेवते, कारण पुढे विचारतील.

रविवार, सोमवार आम्ही तळ्याकाठी चाललो. पाणी असं निळं की मी विमा विसरून गेले. ओताकारराव प्रत्येक दगडाशी मला 'सावधान' म्हणत होते, जर्मनमध्ये. काही झालं नाही. काल मात्र सकाळपासून पाऊस, बाहेर पडायची सोय नाही. रोझविटाबाईंचा स्वयंपाकी सुटीवर आणि वीस माणसांची तुकडी जेवायला यायची. दारातून मला दिसत होतं, त्या पुन्हा ते गोळे पीठ न मुरवताच उकळत्या पाण्यात सोडत होत्या. तीन दिवस मी गप्प बसले होते. माणसाच्या सहनशक्तीला काही अंत असतो.

मी आत गेले, बाह्या सारल्या आणि त्यांच्या हातातून झारा घेतला. त्यांनीही दिला. तासाभरात आमचं इतकं जमलं की भाषा लागलीच नाही. वरच्या फळीवरचं मोठं पातेलं काढायला मी स्टुलावर चढले. स्टूल तीन पायांचं होतं. आमच्या भोजनगृहात मी असलं स्टूल पहिल्याच वर्षी जाळून टाकलं होतं.

हेलिकॉप्टर लागलं नाही. रुग्णवाहिका थेट स्वयंपाकघराच्या दारात आली. वीस माणसं जेवली, रोझविटाबाईंनी सकाळी येऊन दोन्ही हातांनी सांगितलं. एकही गोळा फुटला नाही.

ओताकारराव कालपासून इथेच आहेत. मला खोलीत आणलं तेव्हा ते मागून लंगडत आले, डाव्या पायाने. नर्सने त्यांनाच आधी खुर्ची दिली. मी विचारलं, तुमच्या पायाला काय झालं? म्हणाले, काही नाही. म्हणजे गुडघा धरला असणार, आणि विम्याच्या फॉर्मात लिहिला नाही. आजार लपवायची ही सवय वाईट.

८ सप्टेंबर, शुक्रवार, इस्पितळ

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी निळं कार्ड घेतलं, त्यांचं काहीच म्हणणं नाही. प्रश्न घरी जायचा आहे. पाय आडवा ठेवून न्यावं लागेल, म्हणजे झोपून जाण्याची गाडी, बोहुमिनपर्यंत. रेल्वेने शक्य नाही, हे ओताकाररावांनी तीनदा विचारून घेतलं.

मी माझ्या हिरव्या कंपनीला फोन लावला. बाई गोड बोलत होत्या. त्यांनी इस्पितळाचे कागद मागवले आणि दोन तासांनी परत फोन केला. म्हणाल्या, तुमची पॉलिसी पर्यटनासाठी आहे, अपघात कामावर झालेला दिसतो. मी म्हटलं, कसलं काम? म्हणाल्या, कागदावर स्पष्ट आहे: ठिकाण, हॉटेलचं स्वयंपाकघर. व्यवसाय, स्वयंपाकीण.

आता आठवलं. दाखल करताना टेबलावरच्या माणसाने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं होतं, आणि तो व्यवसाय विचारतोय एवढं मला कळलं होतं. जर्मनमध्ये स्वयंपाकिणीला काय म्हणतात तेवढा एक शब्द मला येतो. मी तो ठणकावून सांगितला, मोडलेल्या पायानिशी. वर दुसऱ्या सकाळी रोझविटाबाईंनी त्याच्याजवळ माझं कौतुकही केलं.

मी भिंतीकडे बघत पडले होते. तेव्हा ओताकाररावांनी खिशातून एक लाल कागद काढला. दोघांसाठी एकच. माझं नाव त्यावर तसंच.

"तुम्ही खोडलं नाहीत?" मी विचारलं.

"खोडायला गेलो होतो," ते म्हणाले. "खिडकीवरच्या मुलीने विचारलं, दुसरी व्यक्ती आता येणार नाही का? मी म्हटलं, येईल असं वाटतं. ती म्हणाली, मग खोडता कशाला? मी कागदाची घडी करून परत खिशात ठेवली."

मला न सांगता माझा विमा काढणं हे मुळीच योग्य नव्हे, असं मी त्यांना ऐकवणार होते. पण त्यांनी तोवर फोन लावला होता. लाल कंपनीने अपघात कामावर झाला की सहलीत, याची चौकशी केली. ओताकारराव म्हणाले, या बाईंना गोळे फुटलेले बघवत नाहीत, हे काम नव्हे, हा स्वभाव आहे. पलीकडची मुलगी हसलेली मला ऐकू आली. मग तिने विचारलं असावं की तुम्ही त्यांचे कोण. इथे ते उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होते.

गाडी उद्या येते आहे.

१० सप्टेंबर, रविवार, घर

काल नऊ तास आडवी. ओताकारराव शेजारच्या खुर्चीत. सगळा रस्ता ते मला खिडकीतून काय दिसतंय ते सांगत होते, कारण मला फक्त आकाश दिसत होतं. बहुतेक स्टेशनंच सांगितली.

चार मजली इमारत, मी तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. दोन माणसांनी खुर्चीवरून वर नेलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. राडका ब्रनोहून आली आहे, पण बुधवारी तिला कामावर जायलाच हवं. ओताकारराव म्हणाले, मी रोज चार वाजता येईन. राडका मला म्हणाली, बघ. मी म्हटलं, काय बघ? तिने कपाळाला हात लावला.

२० सप्टेंबर, बुधवार

रोझविटाबाईंनी मोठं खोकं भरून सफरचंदं पाठवली. राडका फोनवर म्हणाली, हिरव्या कंपनीला कळू देऊ नकोस, पगार समजतील.

लाल कंपनीचं पत्र आलं. गाडीचा आणि ओताकाररावांच्या राहण्याचा खर्च त्यांनी फोनवरच्या शब्दावर केला आहे, पण आता लेखी हवं. दोघांसाठीची पॉलिसी फक्त 'जवळच्या व्यक्तीं'ना मिळते. जवळची व्यक्ती कोण तेही कायद्यातून उतरवून दिलं आहे: नवरा-बायको, भावंडं, मुलं, किंवा इतर कोणीही, जर एकाला झालेली इजा दुसऱ्याला स्वतःलाच झाल्यासारखी वाटत असेल. खाली दोन ओळी आखलेल्या. 'आपलं नातं थोडक्यात लिहून सही करा.' दोघांना दोन वेगळे फॉर्म, तीस दिवसांत पाठवायचे. नाही पाठवले तर सगळा खर्च ओताकाररावांवर पडेल.

मी पेन घेतलं आणि खाली ठेवलं. एकतीस वर्षांत मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. एकदा मुख्याध्यापकांनी दोनशे दहा पानांची दोनशे तीस करायला सांगितली होती. मी दोनशे दहाच लिहिली, आणि त्यांनी वर्षभर माझ्या हातचं सूप घेतलं नाही. आता या वयात एका गाडीभाड्यासाठी कायद्याच्या कागदावर काहीही कसं लिहू?

चार वाजता ओताकारराव आले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं.

"मग नका लिहू," ते म्हणाले. "खोटं लिहायचं नाहीच. पैसे मी भरीन."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"मी सकाळीच पोस्टात टाकलं."

"मी सही केली नाही तर तुमचं लिहिणं खोटं ठरेल."

"माझ्या बाजूने नाही ठरणार," म्हणाले, आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले.

एकाच गोष्टीची एक बाजू खरी आणि दुसरी खोटी कशी असेल? संध्याकाळभर विचार करते आहे. विम्याचे कायदे विचित्रच.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

चार वाजले, ओताकारराव आले नाहीत. हा माणूस चाळीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळत आला. चार म्हणजे चारला एक मिनिट कमी. सव्वाचार. फोन लावला, बंद. साडेचार, बंद. सकाळची गोळी घेतली असेल, संध्याकाळची सहाला असते, मग काय झालं असेल? पोतं उचललं असेल. मला पोतं दिसायलाच लागलं.

घाईत जो नंबर पाठ होता तोच फिरवला, लाल कंपनीचा मदतीचा. मुलीने शांतपणे विचारलं, आपण कोणत्या देशात आहात? मी म्हटलं, बोहुमिनमध्ये, घरी. ती म्हणाली, घरी आम्ही काही करू शकत नाही, रुग्णवाहिकेला फोन करा. पण रुग्णवाहिका पाठवू कुठे? ते कुठे आहेत हेच माहीत नव्हतं. मग तिने विचारलं, आपले कोण आहेत ते? मी म्हटलं, "ते मला आता विचारू नका, मी घाईत आहे," आणि फोन ठेवला.

मी खाली उतरायला निघाले. पहिल्या पायरीवर बसले, प्लॅस्टरचा पाय पुढे, आणि एकेक पायरी बसतबसत. चोपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर कुबड्या हातातून सुटल्या आणि माझ्या आधी खाली पोचल्या. त्या आवाजाने शेजारी बाहेर आले. काय झालं, कुठे निघालात? मी म्हटलं, बाजूला व्हा. मला एवढंच कळत होतं की छातीत दुखतंय, आणि माझ्या छातीला तर कधी काही झालेलं नाही.

शेवटच्या पायरीवर होते तेव्हा बाहेरचं दार उघडलं. ओताकारराव. एक गाल भोपळ्याएवढा, हातात ताज्या पावांची पिशवी. मला तिथे बघून पिशवी पडली.

"कुठे होतास?" मी म्हटलं. "फोन का बंद? तुला काही अक्कल आहे का? मला वाटलं तू पडलास कुठेतरी. मला वाटलं..." आणि मग मी रडले, जिन्यात, शेजाऱ्यांसमोर. मिलोश गेला तेव्हाही लोकांसमोर रडले नव्हते.

त्याला बोलता येईना, तोंडात कापूस होता. खिशातून पेन्सिल काढून पावाच्या पिशवीवर लिहिलं: 'दाढ काढली. दोन तास थांबवलं. तिथे फोन बंद ठेवायची पाटी होती.' मग थोडं थांबून खाली लिहिलं: 'तू खाली कशी आलीस?'

आठ वर्षं कुंपणावरून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. मी पहिल्यांदा 'तू' म्हटलं हे मला ते वाचल्यावर कळलं. त्याला आधीच कळलं होतं.

वर जायला पाऊण तास लागला. मी पाठमोरी बसतबसत, तो माझ्याखाली एक पायरी, तोही बसतबसत, पडले तर अडवायला. मध्ये दोनदा दम घेतला. तो बोलू शकत नव्हता, म्हणून मीच बोलत होते. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

वर आल्यावर त्याला रव्याची पातळ खीर करायला सांगितली, मऊ म्हणून, आणि तो भांडं ढवळत असताना मी लाल कंपनीचा फॉर्म काढला. दोन ओळी पुरल्या नाहीत. पाठीमागे लिहावं लागलं, आणि तिथेही शेवटी अक्षर बारीक करावं लागलं. एकही शब्द खोटा नाही. सही केली, पाकीट चिकटवलं आणि त्याच्या हातात दिलं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून ये म्हटलं. तो खीर गॅसवर ठेवूनच गेला. लागली थोडी.

२ नोव्हेंबर, गुरुवार

प्लॅस्टर गेलं. काठीने चालते.

आज: शेपूचा सॉस, अंडी, बटाटे, दोघांसाठी. उरलं: काही नाही.

लाल कंपनीचं पत्र आलं. दावा मंजूर, सगळा खर्च मान्य, तुम्हा दोघांच्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा. त्याने काय लिहिलं होतं ते तो सांगत नाही, मी काय लिहिलं ते मीही सांगत नाही. दोन्ही वाचलेलं जगात एकच माणूस आहे, प्रागच्या ऑफिसातलं. त्या माणसाने पत्राच्या तळाशी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे. मी ती मोठ्याने वाचून दाखवली: 'पुढच्या वेळी दोघांनीही इतकं लिहिण्याची आवश्यकता नाही, सही पुरेशी आहे.'

ओताकार ताट पुसून खात होता. हात थांबला.

"पुढच्या वेळी, असं लिहिलंय?" त्याने विचारलं.

मी चष्मा लावून पुन्हा नीट पाहिलं. तसंच लिहिलं होतं.